तास कमी, मग हक्क का कमी?

बाळंतपणाची रजा संपत आली की घराघरांत एक चर्चा सुरू होते. ‘मूल लहान आहे, सोड नोकरी,’ असं सासरचं कुणी सुचवतं. ‘हातची नोकरी सोडू नकोस, मी येऊन राहते,’ असं माहेरून आई सांगते. नोकरी ठेवायची की सोडायची, या दोनच वाटांवर सगळं घर अडून बसतं. काही वर्षं कमी तास काम करावं आणि मूल शाळेत रुळलं की पुन्हा पूर्णवेळ व्हावं, ही तिसरी वाट कुणी बोलूनही दाखवत नाही. दाखवणार कशी? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती उपलब्धच नसते.

ही वाट आईच्या प्रकृतीला मानवते का, याचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. १९९१पासून तिथल्या दहा ठिकाणच्या १,३६४ मातांशी मुलाच्या जन्मानंतर बोलणं सुरू झालं आणि पुढे अनेक वर्षं त्यांची माहिती घेतली गेली. शेरिल ब्युलर आणि मॅरियन ओब्रायन या संशोधिकांनी तिचं विश्लेषण करून २०११मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्याला ३२ तासांपर्यंतचं काम त्यांनी अर्धवेळ धरलं होतं.

पूर्णपणे घरी असलेल्या मातांपेक्षा अर्धवेळ काम करणाऱ्या मातांची तब्येत बरी होती आणि त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी होती. नैराश्याच्या बाबतीत अर्धवेळ आणि पूर्णवेळ नोकरीत मात्र फरक दिसला नाही. फरक पडला तो घर आणि नोकरी यांच्या ओढाताणीत. अर्धवेळ नोकरीत ती कमी होती. मुलाच्या शाळेत लक्ष घालायला या माता घरी असणाऱ्या मातांइतकाच वेळ काढू शकत होत्या. स्वतःची कमाई आणि घराबाहेरची माणसं मिळतात आणि मुलासाठी ताकदही उरते, असा याचा अर्थ लावता येतो. अर्थात, ज्यांची प्रकृती मुळात चांगली, त्यांनाच काम टिकवणं सोपं गेलं असेल, हीही शक्यता आहे. पण याच अभ्यासाची दुसरी बाजू कमी महत्त्वाची नाही. अर्धवेळ मातांना नोकरीतले लाभ आणि प्रशिक्षणाच्या संधी कमी मिळत होत्या. निदान तासांच्या प्रमाणात तरी लाभ द्या आणि बढतीचा रस्ता खुला ठेवा, असं संशोधिकांचं मालकांना सांगणं होतं.

नेदरलँड्सने हेच कायद्याने केलं. तिथे दहातल्या साधारण सात नोकरदार स्त्रिया अर्धवेळ काम करतात. कामाच्या तासांवरून कर्मचाऱ्यांत भेदभाव करायला १९९६मध्ये कायद्याने बंदी आली. त्यामुळे तासाचा दर तोच राहतो आणि रजा तासांच्या प्रमाणात मिळते. २०००च्या कायद्याने तास कमी किंवा जास्त करून मागण्याचा अधिकार दिला. तशीच गंभीर अडचण असल्याशिवाय मालकाला नकार देता येत नाही. यातला ‘जास्त’ हा शब्द मोलाचा आहे, कारण पूर्णवेळ कामाकडे परतायची वाट त्यानेच उघडी राहते. तरीही तास कमी करण्याचा भार मुख्यतः बायकांवरच पडल्याने त्यांची मिळकत आणि पुढे निवृत्तिवेतनही पुरुषांपेक्षा कमी राहतं.

आता आपल्याकडे वळू. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचा दिवस पाहा. पहाटे पाणी भरायचं, मुलांचे डबे करायचे आणि सातला पहिलं घर गाठायचं. एका घरी पोळ्या, दुसऱ्या घरी भांडी, तिसऱ्या घरी केर-फरशी. प्रत्येक घराच्या हिशेबात ती तासाभराची बाई असते. तिच्या हिशेबात मात्र या सगळ्या तुकड्यांचा मिळून पूर्णवेळाहून मोठा दिवस होतो. मूल तापाने फणफणलं म्हणून खाडा झाला, तर बऱ्याच घरी पैसे कापले जातात.

महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकेची गत फार वेगळी नाही. मानधन मिळतं ते वर्गात घेतलेल्या तासांचं. तयारीचा वेळ त्यात धरला जात नाही आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्पन्न थांबतं.

अंगणवाडी सेविकांचं काम तर अर्धवेळच आहे, असा युक्तिवाद थेट सर्वोच्च न्यायालयात झाला. लहान मुलांचं शिक्षण, पोषण आहार, गरोदर आणि स्तनदा मातांच्या गृहभेटी, नोंदवह्या, एवढ्या जबाबदाऱ्या सांभाळणाऱ्या कामाला अर्धवेळ म्हणता येणार नाही, असं सांगून न्यायालयाने तो फेटाळला. एप्रिल २०२२च्या त्या निकालाने सेविका आणि मदतनीसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. काम पुरेपूर घ्यायचं आणि मोबदल्याची वेळ आली की अर्धवेळाचं नाव पुढे करायचं, या रीतीवर त्याने नेमकं बोट ठेवलं.

कार्यालयांसाठी प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केलं. पण रजेनंतर काही काळ कमी तास काम मागण्याचा हक्क आईला मिळाला नाही. घरून काम करायचं, तर तेही मालक तयार असेल तरच.

आणि कमी तासांचं काम मिळालंच, तर वाचलेले तास जातात कुठे? केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ८८. ही तफावत राहिली, तर नोकरीतून सुटलेली दुपार स्वयंपाकघरात, पाहुण्यांच्या सरबराईत आणि घरातल्यांच्या औषधपाण्यात संपते. ‘आता तू घरीच असतेस ना,’ असं म्हणत कामं तिच्याकडे सरकत जातात. मग कमी तासांच्या कामातून मिळायचा निवांतपणा तिच्या वाट्याला येतच नाही आणि हातात पगार मात्र निम्मा पडतो.

म्हणून अर्धवेळ काम ही आईवर केलेली मेहेरबानी समजू नये. कामाचे तास लेखी ठरवून द्यावेत. वेतन, रजा आणि भविष्य निर्वाह निधी तासांच्या प्रमाणात मिळावा. पूर्णवेळ होण्याचा हक्क राखून ठेवावा. मूल सांभाळण्यासाठी तास कमी करण्याची मुभा वडिलांनाही मिळावी, त्यांनी ती घ्यावी आणि घेणाऱ्याला कुणी हसू नये. एवढं झालं, तर रजा संपताना आईसमोर तिसरी वाट खरोखर असेल आणि त्या वाटेने जाण्यासाठी तिला आपली पुढची वीस वर्षं गहाण ठेवावी लागणार नाहीत.