‘तिला कशाला होईल एचआयव्ही?’

दिव्यांग व्यक्तीला एचआयव्हीचा धोका नसतोच, असे अनेकांना वाटते. तिला लैंगिक जीवनच नसते, हे त्यामागचे गृहीतक. वस्तुस्थिती उलटी आहे. जागतिक बँक आणि येल विद्यापीठाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक पाहणीत एचआयव्हीच्या संसर्गाचे सर्व ज्ञात धोके दिव्यांगांनाही इतरांइतकेच, काही बाबतींत अधिकच असल्याचे दिसले. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग आहेत.

अपंगत्वामुळे हा विषाणू शरीरात सहज शिरतो, असे नाही. धोका वाढवते ती भोवतालची परिस्थिती. रेडिओवरचा संदेश कर्णबधिराला ऐकू येत नाही, भिंतीवरचे पोस्टर अंधाला दिसत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला ‘हिला काय कळणार’ म्हणून कुणी काही सांगतच नाही. अत्याचार करणारा बहुधा ओळखीचा असतो. ही बोलणार नाही, बोलली तरी कुणी विश्वास ठेवणार नाही, हे तो जाणून असतो.

सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत चाचणी आणि समुपदेशन मोफत होते. पण कर्णबधिर सुनेचे खुणांचे बोलणे समजावून सांगायला सासूच सोबत आली, तर ती सून मनातले काय सांगणार? चाचणीसाठी संमती आणि निकालाची गुप्तता हा २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दिलेला हक्क आहे. घरचा माणूस दुभाषा झाला, की तो कागदावरच राहतो. १०९७ ही मोफत हेल्पलाइनही आहे. मात्र ज्याला ऐकू येत नाही, त्याला फोनवरच्या बोलण्याचा काय उपयोग?

उपाय अवघड नाहीत. समुपदेशनासाठी सांकेतिक भाषेचा बाहेरचा जाणकार बोलवावा. अंध व्यक्तीला निरोधचा वापर प्रतिकृती हाती देऊन शिकवावा. बौद्धिक अक्षमता असेल तर चित्रे दाखवून, सोप्या शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगावे. आणि मूल वयात येताना ‘नको’ म्हणायला घरातच शिकवावे.

लैंगिक अत्याचार झाल्यास मात्र थांबू नये. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. पोलिसांत तक्रार नोंदवलेली नसली, तरी पीडितेवर मोफत उपचार करणे रुग्णालयाला बंधनकारक आहे. घरच्यांनी अब्रूचा विचार करत घालवलेले तीन दिवस तिला आयुष्यभराचा आजार देऊ शकतात.