खटका, भाग ४ : अंगचं कुलूप

१९५१ साली विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या तयार होत होत्या. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती, त्यामुळे पेट्या अफाट लागणार होत्या. एकट्या विक्रोळीतून १२ लाखांहून अधिक गेल्या. एक पेटी ५ रुपयांत बसवायची होती आणि बाहेरून कुलूप लावलं की हिशेब कोलमडत होता. तोडगा सुचला तो तिथल्याच एका कामगाराला, नाथालाल पांचाळ यांना. कुलूप बाहेर लावायचंच नाही, पेटी आतल्या आत बंद होईल अशी रचना करायची. घाटकोपर आणि मुलुंडच्या मधल्या या उपनगरात झालेलं हे काम मला आपल्याकडच्या यंत्रबुद्धीचा फार मोठा नमुना वाटतं.

आजच्या भागात चाकूंच्या दुनियेत नेमकी हीच युक्ती बघायची आहे.

साधा घडीचा चाकू पाठीच्या कमानीच्या दाबावर उघडा राहतो, हे गेल्या आठवड्यात आलं. पेरू कापायला तेवढं पुरतं. पण पात्याचं टोक खुपसून पुठ्ठ्याला भोक पाडायला जा, पातं मिटून सरळ बोटांवर येईल. म्हणून उघडलेलं पातं अडवून धरणारं काहीतरी हवं. खटक्याचा चाकू म्हटलं की आपल्याला सिनेमातला रामपुरी आठवतो, पण त्याची ख्याती झटकन उघडण्याची. आपल्याला हवाय तो मिटू न देणारा खटका.

मुठीच्या आत डोकावू. बाहेरून लाकूड किंवा शिंग आणि त्याच्या आतून दोन्ही बाजूंना धातूच्या पातळ पट्ट्या, म्हणजे मुठीचं अस्तर. हे अस्तर मुठीला बळकटी देण्यासाठी पूर्वीपासूनच होतं. त्यातूनच खटका काढायची कल्पना अमेरिकेत १९०६ साली पेटंट झाली आणि वायरमनच्या चाकूंमध्ये स्क्रूड्रायव्हरचं पान अडवायला वापरात आली. मात्र पाठीची कमान तेव्हाही होतीच. १९८०च्या सुमारास मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने ती काढूनच टाकली.

त्याने केलं ते असं. अस्तराच्या पट्टीत लांबीच्या दिशेने चीर पाडून एक जीभ मोकळी केली आणि ती किंचित आत वाकवली. चाकू मिटलेला असताना ही जीभ पात्याच्या कुशीला दाबून बसते. पातं पूर्ण उघडलं की तिची वाट मोकळी होते, ती टक् करून आत सरकते आणि पात्याच्या बुडामागे उभी राहते. आता पातं मिटणार कसं? जिभेवर एक बारीकशी पोलादी गोळीही बसवलेली असते. मिटलेल्या पात्यावर एक खळगा असतो, त्यात ती गोळी अडकते, म्हणून चाकू खिशात आपोआप उघडत नाही. एकच पट्टी, आणि तिने मिटलेलंही सांभाळायचं, उघडलेलंही. किती देखणा विचार आहे हा!

खरी कसोटी पात्याच्या बुडाला दिलेल्या उताराची. तो साधारण ७-८ अंशांचा ठेवतात. उतार जास्त झाला तर जोर पडताच जीभ निसटते. कमी झाला तर ती इतकी रुतते की अंगठ्याने हलता हलत नाही. बरोबर जमला तर जीभ दाराखालच्या पाचरीसारखी घट्ट बसते, आणि वापराने झिजली की आणखी थोडी आत सरकून झीज स्वतःच भरून काढते. म्हणूनच हाताने चाकू घडवणारा कारागीर हा उतार कानशीने जरा जरा घासत, पुन्हा पुन्हा जोडून बघत जमवतो. नव्या चाकूत जीभ बुडाच्या अर्ध्याच्या अलीकडेच थांबायला हवी. ती पलीकडच्या अस्तराला टेकली की खटक्याचं आयुष्य संपलं.

दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या ख्रिस रीव्ह यांनी पुढे 'सेबेंझा' या चाकूत अस्तरही वगळलं आणि टायटॅनियमच्या मुठीचीच एक बाजू चिरून तिचा खटका केला. जाड मूठच आडवी येते, त्यामुळे खटका दणकट झाला. पण टायटॅनियम पोलादाला चिकटून घासतं, म्हणून बरेच कारागीर आता जिभेच्या टोकाला पोलादाचा तुकडा जोडतात.

दोन्ही प्रकारांत एक उणीव राहतेच. चाकू मिटताना खटका बाजूला सारणारा अंगठा पात्याच्या वाटेतच असतो. खटका सुटला, पातं थोडं खाली आलं, की आधी अंगठा काढून घ्यायचा आणि मगच चाकू मिटायचा. घरात मुलं चाकू हाताळत असतील तर त्यांना उघडण्याआधी हे शिकवा. अंगठा वाटेत येऊच नये म्हणून १९९८ साली बेंचमेड कंपनीने बाजारात आणलेला आडव्या दांडीचा खटका पुढच्या भागात बघू.