तेरा दिवस आणि एक पाणबुडी

ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या अगदी काठावर येऊन उभे राहिले होते. या प्रसंगावरचा ‘थर्टीन डेज’ हा चित्रपट २००० साली आला. वरच्या वर्गांतील मुलांना तो जरूर दाखवावा. पण त्यात न आलेली एक हकिकतही त्यांना सांगायला हवी.

आधी घटनाक्रम पाहू. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाने क्युबाची छायाचित्रे घेतली. त्यांत सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तळ दिसले. तिथून वॉशिंग्टनपर्यंत पोचायला क्षेपणास्त्राला काही मिनिटे पुरली असती. सेनाधिकारी हवाई हल्ल्याचा आग्रह धरत होते. अध्यक्ष केनेडींनी त्याऐवजी सागरी नाकेबंदी केली आणि वाटाघाटींना वेळ मिळवला. २८ तारखेला क्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे जाहीर केले. त्या बदल्यात तुर्कस्तानातील आपली क्षेपणास्त्रे हलवण्याचे अमेरिकेने गुप्तपणे कबूल केले होते.

चित्रपट हे सारे प्रभावीपणे मांडतो, पण तो मुख्यतः व्हाइट हाऊसमधून पाहतो. त्यामुळे सगळी सूत्रे दोन नेत्यांच्या हातात होती, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात तसे नव्हते.

२७ ऑक्टोबरला अमेरिकी युद्धनौकांनी बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला घेरले. ती वर यावी म्हणून त्यांनी पाण्यात छोटे इशारा-स्फोट केले. अशा स्फोटांचा अर्थ मॉस्कोला आधी कळवलेला होता, पण तो पाणबुडीपर्यंत पोचला नव्हता. पाणबुडीत अण्वस्त्र बसवलेला एक पाणतीर (टॉर्पेडो) होता, हे अमेरिकनांनाही माहीत नव्हते.

मग पाणबुडीने मॉस्कोला विचारले का नाही? याचे उत्तर आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. खारे पाणी विजेचे सुवाहक असल्याने नेहमीच्या रेडिओलहरी त्यात थोड्याच अंतरात शोषल्या जातात. संदेशासाठी अँटेना पाण्याबाहेर काढावी लागते. शिवाय ही डिझेलवर चालणारी पाणबुडी. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते, आणि बॅटरी भारित करायला इंजिनाला हवा लागते. वर येता येत नसल्याने बॅटऱ्या संपत आल्या, आत उष्णता असह्य झाली, हवा कोंदट झाली. वर युद्ध पेटले आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

पाणबुडीवरील अधिकाऱ्याच्या आठवणींनुसार, संतापलेल्या कप्तानाने तो पाणतीर सज्ज करायला सांगितले. वासिली आर्खिपोव्ह या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याची समजूत घातली, आणि पाणबुडी पृष्ठभागावर आली. ही हकिकत जगापुढे आली ती थेट २००२ साली, म्हणजे चित्रपटानंतर.

नेत्यांचे शहाणपण खरेच होते, पण ते पुरेसे नव्हते. शस्त्रे मिनिटांत पोचणारी आणि निरोप तासन्‌तास रखडणारे, ही खरी धोक्याची जागा होती. म्हणूनच १९६३ मध्ये वॉशिंग्टन व मॉस्को थेट जोडणारी ‘हॉटलाइन’ सुरू झाली. हा लाल टेलिफोन नव्हता, तर टेलिप्रिंटर होता. लिहिलेला निरोप नीट वाचता येतो आणि उत्तरापूर्वी विचाराला सवड मिळते.

चित्रपट संपल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा: बाहेरची काहीही खबर नसताना त्या पाणबुडीत तुम्ही असता, तर काय केले असते? उत्तराची घाई मात्र करू नये.