पट्टीवरचं नाव

ढोबळी मिरचीला आमच्या कोल्हापुरात पूर्वी कुणी मिरची मानतच नसे. जी खाल्ल्यावर नाकाडोळ्यांतून पाणी येत नाही ती कसली मिरची, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. पीठ पेरून केलेली भाजी मात्र दोनदा वाढून घ्यायच्या! मैत्रिणींनो, ही भाजी मी वर्षानुवर्षं चिरली, पण ती शेतात कशी येते हे मला शिकवलं शिरोळ तालुक्यातल्या एका वहिनींनी.

बचत गटाच्या कामासाठी त्यांच्या गावी माझं जाणं-येणं असतं. नदीकाठचं गाव, २०१९ आणि २०२१ च्या दोन्ही महापुरांत पाणी शिरलेलं. चार वर्षांपूर्वी वहिनींचे यजमान गेले. मागे दोन मुलं आणि एकरभर रान. अर्ध्यात ऊस आहेच, उरलेल्या वीस गुंठ्यांत वहिनी ढोबळी लावतात.

"ऊस चांगला हो ताई, पण बिल हातात यायला वरीस-दीड वरीस जातंय. पोरांची फी तवर थांबतीया व्हय?"

मिरची आठवड्याला पैसे देते, हा त्यांचा साधा हिशेब. पण ती सांभाळायला लहान मुलासारखी! पाऊस ओसरला की गादीवाफे, ठिबकची नळी, वर मल्चिंगचा कागद आणि नर्सरीतून आणलेली महिनाभराची रोपं. झाडाला पहिली फांदी फुटते तिथलं पहिलं फूल वहिनी खुडून टाकतात. मला हळहळ वाटली. "आधी झाड हुंदे, मग फळ," म्हणाल्या. रोज सकाळी पानं उलटून बघायची. पान वरच्या बाजूला वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी. दोन्हीचं औषध वेगळं, चुकलं की पैसे पाण्यात.

लावणीनंतर साधारण दोन महिन्यांनी पहिला तोडा. मीही हौसेनं सरीत उतरले आणि फळ धरून ओढलं. अख्खी फांदीच हातात आली, तीन कोवळ्या मिरच्यांसकट! वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त कात्री पुढे केली. ढोबळीचं झाड फार ठिसूळ, म्हणून तर सुतळीनं बांधून उभं करतात. फळ देठासकट कापायचं. देठ निघाला की तिथून सड सुरू. हाताला घट्ट लागेल आणि चकाकेल ते तोडायचं, बाकी पुढच्या आठवड्याला.

लाल आणि हिरवी ढोबळी वेगळी, असं मला वाटायचं. पण हिरवी म्हणजे न पिकलेलीच! झाडावर आणखी काही आठवडे राहिली की जातीप्रमाणे लाल नाहीतर पिवळी होते. १९३७ चं नोबेल मिळालेले हंगेरीचे सेंट-ज्यॉर्जी यांनी 'क' जीवनसत्त्व भरपूर मिळवलं ते याच कुळातल्या लाल मिरचीतून. पण उघड्या रानात तेवढे दिवस थांबलं की उन्हाचे चट्टे पडतात. रंगीत मिरची शेडनेटवाल्यांची. वहिनी हिरवीच विकतात.

विकतात म्हणजे काय, इथेच खरी गोष्ट आहे. क्रेट भरून ठेवायचे वहिनींनी, रात्रीच्या टेम्पोनं न्यायचे दिरांनी. पहाटेच्या सौद्यानंतर व्यापारी पट्टी करणार, हमाली-तोलाई-भाडं वजा करून रोख रक्कम दिरांच्या हातात. आणि पट्टीवर नाव? चार वर्षांपूर्वी गेलेल्या यजमानांचं! "भावजी वाईट न्हाईत," वहिनी म्हणायच्या, "पण दर किती लागला ते मला दुपारी कळतंय."

याच तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत. पुढे शासनानंही सगळ्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. फार मोठं काम झालं ते. पण वहिनींच्या कपाळावर कुंकू आलं तरी पट्टीवर नाव नव्हतंच.

गेल्या हंगामात एका रात्री वहिनी स्वतः टेम्पोत बसल्या. मी कोल्हापुरात वाट बघत होते. सातबारा, आधार, पासबुक, सगळ्यांच्या झेरॉक्स पिशवीत. वारस नोंदीनं सातबाऱ्यावर त्यांचं नाव केव्हाच लागलेलं. दिवाणजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "खातं जुनं आहे, राहू दे की. वजनात काय फरक पडतोय?"

"वजनात न्हाई पडत," वहिनी म्हणाल्या, "पर रान माझं, मिरची माझी. नाव दुसऱ्याचं कशाला?"

दिवाणजींनी बराच वेळ कागद चाळले. मला राग येत होता, पण मी गप्प राहिले. बोलायचं होतं ते वहिनींनीच. शेवटी पैसे बँकेत जमा करायचं ठरलं. दीर दोन दिवस घुम्यासारखे होते. तिसऱ्या तोड्याला मात्र क्रेट उचलायला आपणहून आले.

परवा गेले तेव्हा वहिनींनी पट्टी दाखवली. आडनाव बरोबर, नावात एक काना राहून गेलेला. मी म्हटलं, "अहो, हे चुकलंय."

"बघितलंय मी. पुढच्या तोड्याला सांगून दुरुस्त करून घेतो की," म्हणाल्या आणि वाकून मिरच्या निवडायला लागल्या.