‘लिमिटेड’ या शब्दाचा अर्थ

मोठ्या कंपन्यांविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा दोन टोकांना होते. एकीकडे त्यांनी निर्माण केलेल्या संपत्तीचे आणि रोजगाराचे गोडवे, तर दुसरीकडे नफेखोरीच्या नावाने बोटे मोडणे. कंपनीच्या नावाअखेरच्या ‘लिमिटेड’ या छोट्या शब्दाकडे मात्र दोन्ही पक्षांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः आधुनिक भांडवलशाहीचा पाया याच शब्दात आहे.

येथे मर्यादित असते ती भागधारकाची जबाबदारी. कंपनी बुडाली तर त्याने समभागांत गुंतवलेली रक्कम जाते. त्याच्या घरादारावर धनकोंना जप्ती आणता येत नाही. पारंपरिक भागीदारीत असे संरक्षण नव्हते. ब्रिटनमध्ये १८५५ च्या कायद्याने ते खुले झाले आणि अनोळखी माणसांची बचत एकत्र करून मोठे उद्योग उभारणे सोपे झाले. पुढे अॅरन सॉलोमन या लंडनच्या बूट व्यावसायिकाने स्वतःच्याच धंद्याची कंपनी केली. भागधारक सात : स्वतः, पत्नी आणि पाच मुले, २०,००७ पैकी २०,००१ समभाग त्यांचेच. कंपनी बुडाल्यावर वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. सॉलोमन आणि त्यांची कंपनी या कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत, असा निवाडा १८९६ मध्ये झाला. भारतीय कंपनी कायदाही हेच तत्त्व मानतो.

पंचाईत येते ती भागधारक स्वतःच एक बलाढ्य कंपनी असेल तेव्हा. सामान्य गुंतवणूकदाराला धीर देण्यासाठी घडवलेली ढाल मग तिच्याही हाती येते. भोपाळचा कारखाना युनियन कार्बाइड इंडिया या भारतीय कंपनीचा होता आणि तिचे ५०.९ टक्के समभाग अमेरिकी मूळ कंपनीकडे होते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री वायुगळतीने हजारो माणसे मेली. भारतीय कंपनी स्वतंत्र आहे, ही मूळ कंपनीची भूमिका कायम राहिली. भारत सरकारने सुमारे ३३० कोटी डॉलरचा दावा केला होता. १९८९ मध्ये तडजोड झाली ४७ कोटी डॉलरवर. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

महाराष्ट्राने पाहिलेले दाभोळ प्रकरण वेगळ्या जातीचे. तेथे कोणी दगावले नाही, पण जोखीम कोणाच्या माथी मारली गेली हे पाहण्यासारखे आहे. एन्रॉनच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या दाभोळ वीज कंपनीशी राज्य विद्युत मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये करार केला. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार देणे मंडळावर बंधनकारक होते. दराचा मोठा भाग डॉलरशी निगडित, म्हणजे रुपया घसरला की बोजा मंडळावरच. त्यावर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, पुन्हा वाटाघाटी करून प्रकल्प स्वीकारलाही! मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. ही वीज मंडळाला परवडेना आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी २ डिसेंबरला एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. अंजनवेलचा प्रकल्प पुन्हा चालवण्यासाठी अखेर एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना २००५ मध्ये पुढे यावे लागले. भागधारकांची जबाबदारी मर्यादित, सरकारी तिजोरीची मात्र नाही, असा हा व्यवहार होता.

तेव्हा ‘लिमिटेड’ ही सोय काढून टाकावी काय? तसे केल्यास सामान्य माणूस समभागांना हातही लावणार नाही. मात्र नुकसान नाहीसे होत नाही. भागधारकाने न सोसलेले कामगार, पुरवठादार, बँक वा शेजारची वस्ती सोसते. यांपैकी बँक आधीच सावध होते. छोट्या कारखानदाराच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला कर्ज देताना ती संचालकांची वैयक्तिक हमी आणि बहुधा राहते घरही तारण मागते. कंपनीची दिवाळखोरी निकाली निघाली म्हणून असा हमीदार आपोआप सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये स्पष्ट केले. वस्तीला अशी हमी मागण्याची संधी कारखाना उभा राहताना कोणी देत नाही.