साडेचारशे फोटोंमागे एक वाघ: कॅमेरा ट्रॅपचे फोटो तपासणारं ॲप कसं बनतं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय.

सुरुवात एका आकड्याने करू. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. आपला ताडोबा आणि मेळघाटही त्यात आलेच. एकूण फोटो किती निघाले? ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३! त्यात वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. म्हणजे साधारण साडेचारशे फोटोंमागे वाघाचा एक.

मग बाकीच्यांत काय असतं? हरणं, रानडुकरं, गुरं, माणसं आणि बरेचदा चक्क काहीच नाही. हा कॅमेरा उष्णतेतला बदल टिपतो. उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी त्याला वाटतं, कुणीतरी आलं. की काढला फोटो!

आता समजा, असे फोटो तपासायचं वेब ॲप तुम्हाला बनवायचंय. पहिल्यांदा डोक्यात येतं ते म्हणजे फोटोंची गॅलरी आणि खाली प्राण्यांच्या नावांची बटणं. तेवढं दोन दिवसांत होतं. पण हजारभर रिकामे फोटो बघितल्यावर डोळे थकतात आणि नेमका कोपऱ्यातला बिबट्या सुटतो. म्हणून माणसाची नजर कुठे खर्च करायची, हे ठरवणं हेच या ॲपचं खरं काम.

त्यासाठी आधी फोटोंचे गट करा. एक प्राणी समोरून गेला की कॅमेरा लागोपाठ तीन-चार फोटो काढतो. वेळ बघून ते एकत्र बांधले की एकाच उत्तरात काम भागतं. फक्त कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. बॅटरी बदलताना काही कॅमेऱ्यांची तारीख मागे जाते आणि मग सगळाच हिशेब चुकतो.

दुसरी चाळणी मशीनची. मेगाडिटेक्टर नावाचं एक मोफत मॉडेल आहे. ते प्राण्याचं नाव सांगत नाही. फोटोत प्राणी आहे, माणूस आहे की गाडी, एवढंच सांगतं आणि भोवती चौकट आखतं. पण तेवढ्यानेही रिकामे फोटो बाजूला पडतात. हे काम वेब सर्व्हरवर थेट चालवू नका, नाहीतर ॲप गुदमरेल. मागे वेगळी रांग लावा आणि निकाल डेटाबेसमध्ये टाका.

तिसरी गोष्ट, एकाच माणसाच्या उत्तरावर विसंबू नका. टांझानियातल्या 'स्नॅपशॉट सेरेंगेटी' प्रकल्पात २८ हजारांहून जास्त स्वयंसेवकांनी फोटो ओळखले, तेही घरबसल्या. पहिल्या पाचही जणांनी 'काही नाही' म्हटलं की तो फोटो रांगेतून बाद. मतभेद असतील तर तो आणखी लोकांना दाखवायचा. तज्ज्ञांच्या उत्तरांशी ताडून पाहिलं तेव्हा प्राण्यांची नावं जवळपास ९७ टक्के बरोबर निघाली. साध्या लोकांची नजर, पण नियम चोख!

ॲप लोकांच्या हातात देताना खरी परीक्षा नेटवर्कची. मूळ फोटो वेगळ्या साठवणीत ठेवा आणि मोबाइलवर छोटी प्रत पाठवा. पुढचे दहा-वीस फोटो आधीच उतरवून ठेवा. उत्तरं फोनमध्ये जपा आणि रेंज आली की पाठवा. आणि सुरुवात एकाच कॅमेऱ्याच्या कार्डाने करा, अख्ख्या जंगलाने नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जंगलात फक्त प्राणी फिरत नाहीत. उत्तराखंडातल्या कॉर्बेट परिसरावरचं केंब्रिज विद्यापीठाचं एक संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. जंगलात शौचाला गेलेल्या एका बाईचा कॅमेरा ट्रॅपमधला फोटो तिथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवला गेला, असं त्यात नोंदवलंय. सरपणाला जाणाऱ्या बायका एरवी मोठ्याने बोलतात, गातात, म्हणजे जनावर दूर राहतं. कॅमेऱ्याच्या धास्तीने त्यांचा आवाज खाली आला. वाघाच्या रानात गप्प राहणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मशीनने 'माणूस' म्हटलेला फोटो कुणाही तपासणाऱ्याला दिसताच कामा नये. मशीन चुकतं, तेव्हा प्रत्येक फोटोखाली 'माणूस दिसतोय' असं बटण हवं. ते दाबताच फोटो सगळ्यांच्या पडद्यावरून गायब झाला पाहिजे, फोनमध्ये उतरवलेल्या प्रतीसकट. असे फोटो कोण उघडू शकतो आणि किती दिवसांनी ते पुसायचे, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. कॅमेऱ्याची नेमकी जागाही लपवा. वाघ कुठून जातो हे शिकाऱ्यालाही हवंच असतं.

थोडक्यात काय, काय दाखवायचं हे कुणीही ठरवेल. काय दाखवायचं नाही, हे ज्याने आधी ठरवलं त्याचं ॲप चांगलं.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!