पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

एकट्याने अभ्यास करणाऱ्याला शिकवायला कोणी नसतं, त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याला प्रश्न विचारायला कोणी नसतं. मग तेच प्रकरण तिसऱ्यांदा वाचलं जातं. पिवळ्या मार्करने रंगवलेल्या ओळी ओळखीच्या वाटतात आणि ‘येतंय की सगळं’ असा समज होतो. पण समोर दिसलेलं ओळखणं वेगळं आणि कोऱ्या उत्तरपत्रिकेवर आठवून लिहिणं वेगळं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 साली हा फरक मोजून दाखवला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने चार बैठकांत एक उतारा सरासरी 14 वेळा वाचला. दुसऱ्याने पहिल्या बैठकीत जेमतेम साडेतीन वेळा वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत, उतारा न पाहता, आठवेल ते कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते: 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61. गंमत म्हणजे ‘आपल्या चांगलं लक्षात राहील’ हा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

यावर कोणी म्हणेल, ही तर घोकंपट्टीच. पण 2011 मध्ये कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांनी विज्ञानाचे उतारे घेऊन पुस्तक उघडं ठेवून संकल्पनांचे नकाशे काढणाऱ्यांची तुलना आठवून लिहिणाऱ्यांशी केली. आठवड्यानंतर, नुसत्या माहितीवरच्याच नव्हे तर तर्क लावायच्या प्रश्नांतही आठवणारे सरस ठरले. चुकीचं आठवलं तर तेच पक्कं होईल, ही शंका मात्र रास्त आहे. म्हणून लिहून झालं की लगेच पुस्तक उघडून लाल पेनाने सुटलेलं, चुकलेलं भरायचं, आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा कोरा कागद घ्यायचा. हे अंतर महत्त्वाचं आहे. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, तेव्हा स्वतःची चाचणी घेणं आणि अंतराने उजळणी करणं या दोनच सर्वांत उपयुक्त ठरल्या. अधोरेखन आणि पुन्हा वाचन तळाच्या गटात गेले. पहिलं वाचन नीट, समजून करायला हवंच. जे आत गेलंच नाही ते आठवणार कुठून? आठवताना डोकं शिणतं, रिकाम्या जागा दिसून मन खट्टू होतं, म्हणून ही पद्धत लोक टाळतात. अभ्यासिकेत किती तास बसलो याचा हिशेब तुम्ही ठेवत असालच. त्यातले किती तास पुस्तक मिटलेलं होतं, तेही एकदा लिहून पाहा.